मामाबाईचं घर

मामाबाई आमच्या घरात वाकून यायची. आमचं दार चांगलं उंच आहे, माझा ताडमाड मुलगा त्यातून ताठ जातो. मामाबाई माझ्याएवढी, म्हणजे बुटकीच. तरी उंबऱ्याशी आली की कमरेत वाकायची, चौकटीला हात लावून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची आणि मग आत पाय टाकायची. पहिल्यांदा मला वाटलं, हिच्या कमरेत उसण भरली आहे. मी तिला चोळायला तिळाचं तेल दिलं. तिने ते हुंगलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी त्यात भाजी करून आणली.

नंतर कळलं की तिच्या गावात घराचं दार मुद्दाम बुटकं ठेवतात. घर म्हणजे माणूसच, त्याला नमस्कार केल्याशिवाय त्याच्या पोटात शिरायचं नाही. मी म्हटलं, बाई, हे घर फळ्या आणि पुठ्ठ्याचं आहे, जोरात बुक्की मारली तर भोक पडेल, याला कसला नमस्कार? ती म्हणाली, "हाउस इज हाउस." पुढे बोलणं नाही.

मी अमेरिकेत नेपरव्हिलला मुलाकडे राहते. चौथी शिकलेली आहे. इंग्रजी इथे आल्यावर कानावर पडून जेवढं आलं तेवढंच. मामाबाईचंही तसंच. ती शेजारच्या घरात तिच्या मुलीकडे राहायची. मुलीचं नाव क्लेमांतीन, हॉस्पिटलात नर्स आहे. जावई लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. त्या घरात येणारे-जाणारे सगळे म्हातारीला मामा म्हणत. मला बाईमाणसाला मामा म्हणणं काही जमेना, म्हणून मी मामाबाई म्हणायला लागले. ती मला सिस्टर म्हणायची. मधे मुलगी असली तर आमचं बोलणं सरळ व्हायचं. नसली तर हातवारे, आणि हातवाऱ्यांनी झालं नाही तर भांडण.

तिचा देश टोगो. नकाशात तो शोधायला प्रसादला, म्हणजे माझ्या मुलाला, चष्मा लावावा लागला. लुगड्याचा काठ फाडून उभा ठेवावा तसा देश आहे. त्याच्या वरच्या टोकाला डोंगराच्या पायथ्याशी कुटामाकू नावाचं खोरं आहे. तिथली घरं मी फोनवर बघितली. मातीची, पण लहानसे किल्लेच. गोल बुरूज, बुरुजांवर गवताच्या टोप्या घातलेल्या धान्याच्या कणग्या, खाली अंधारात गुरं, वर गच्चीवर माणसं. दारासमोर मातीचे शंकू, त्यात गेलेले पूर्वज राहतात. ते सगळं खोरं, घरं, शेतं, देवराया, जगाचा वारसा म्हणून राखून ठेवलेलं आहे. लांबून लोक बघायला येतात आणि फोटो काढतात. पुरुष भिंती उभ्या करतात आणि बायका सारवतात. सारवलं नाही तर पाऊस घर खातो.

हे शेवटचं मला कुणी समजावून सांगायला नको होतं. माझं माहेर मुळशीकडचं. पावसाने खाल्लेल्या भिंती मी पाहिल्या आहेत.

मामाबाईच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. आठवड्यातून तीनदा सकाळी व्हॅन यायची, तिला डायलिसिसला न्यायची, आणि दुपारी ती ओल्या फडक्यासारखी होऊन परत यायची. त्या दिवशी तिच्याशी बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आमच्या मागच्या दारात उभी, "सिस्टर! टी!"

तिच्या गालांवर आणि कपाळावर बारीक रेघा कोरलेल्या होत्या, लहानपणी. अशाच रेघा पोटावरही आहेत, असं तिने एकदा कपडा वर करून दाखवलं. तेव्हा प्रसाद समोर बसून ऑफिसची मीटिंग करत होता. तो कॉम्प्युटरसकट वर पळाला. मी तिला विचारलं, दुखलं नाही का? तिने फोनमध्ये तिच्या घराचा फोटो उघडला आणि भिंतीवर बोट ठेवलं. भिंतीवर त्याच रेघा. ओलं सारवण असताना बायका बोटांनी ओढतात. बाईच्या अंगावर जे, तेच घराच्या अंगावर. मला ते पटलं नाही आणि पटलंही. माझ्या हातावर आईने गोंदवलेली तुळस आहे. ती मी काही भिंतीवर काढली नाही.

आमचं मोठं भांडण सारवण्यावरून झालं. मी म्हटलं, पंजा पूर्ण टेकवायचा आणि अर्धगोल फिरवत मागे सरकायचं. ती म्हणाली, वरून खाली. मी म्हटलं, तू भिंत सारवतेस, मी जमीन सारवते. ती म्हणाली, करून दाखव. आता नेपरव्हिलमध्ये करून काय दाखवणार? पण तिने मागच्या तळ्याच्या काठावरून बादलीभर माती आणली. शेण हवं होतं. मी तिला प्रसादबरोबर आपल्या इंडियन दुकानात नेलं. तिथे होमासाठी गोवऱ्या मिळतात, प्लास्टिकच्या पिशवीत, वर गाईचं चित्र. मामाबाईने ती पिशवी उलटी केली, सुलटी केली, हुंगली आणि दुकानात खाली बसून हसली. तिचे डोळे पाण्याने भरले. सुकं शेण सारवायला चालत नाही, एवढी अक्कल दोघींनाही होती. तरी आम्ही त्या भिजवल्या. म्हातारं झालं की असं होतं, शहाणपण असतं पण हात ऐकत नाहीत.

क्लेमांतीनच्या घराची मागची भिंत आम्ही कमरेपर्यंत सारवली. अर्धी तिची, अर्धी माझी. दोन दिवसांनी तिची अर्धी भेगाळली आणि माझीही. तिसऱ्या दिवशी वसाहतीच्या समितीची चिठ्ठी दाराला लागली. भिंतीचा रंग नियमाबाहेर आहे, पूर्ववत करा.

"आई, हे काय चाललंय?" सूनबाई म्हणाली. "एचओएवाले फाइन लावतात, माहितीये ना? आणि तो स्मेल!"

"स्मेल सुक्या शेणाचा आहे," मी म्हटलं. "ओलं असतं तर आला नसता."

मामाबाईने चिठ्ठीचा अर्थ मुलीकडून समजून घेतला. मग म्हणाली, आमच्या गावातही असंच आहे. वारसा राखायला नेमलेली माणसं म्हणतात, घर बदलू नका, पत्रा घालू नका, रंग लावू नका. इथेही तेच. मग ती आणखी काहीतरी बोलली, ते क्लेमांतीनने मला सांगितलं: "मामा म्हणते, राखायला सगळे सांगतात. सारवायला कोण येतं?"

हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. क्लेमांतीनच्या मुलाच्या शाळेत एकदा संध्याकाळी सगळ्या देशांची टेबलं मांडली होती. टोगोच्या टेबलावर त्या घरांचा मोठा फोटो होता, आणि बाजूला मामाबाई नवा झगा घालून बसली होती. मी आपल्या टेबलावर चिवडा वाटून कंटाळले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. एक गोरी बाई आली. फोटो बघून तिचा जीव अगदी भरून आला. छातीवर हात ठेवून म्हणाली, किती सुंदर, हे असंच राहिलं पाहिजे, कधीही बदलू देऊ नका. मामाबाईने तिचा हात धरला, पालथा केला आणि तळवा बघितला.

"गुड हँड," ती म्हणाली. "यू कम. जानेवारी. यू प्लास्टर."

बाई हसली. मामाबाई हसली नाही. हात सोडेना. शेवटी क्लेमांतीनने येऊन सोडवला. मला मामाबाईचं चुकलं असं वाटलं नाही. जगाचा वारसा म्हणे. मग जगाने एकदा तरी शेण कालवावं.

मामाबाईच्या गावाकडच्या घरात आता तिचा मुलगा एमिल राहतो, बायको आणि लेकरांसह. त्याची बायको बाजारात धान्य विकते, तिला दरवर्षी भिंती सारवायला सवड नाही. आजूबाजूच्या पुष्कळ घरांतलं तेच. माणसं रस्त्याकडेला पत्र्याच्या घरात राहायला गेली, जुनी घरं बसली. एमिल मात्र गेला नव्हता. आईचं घर म्हणून राहिला होता. तो वाईट मुलगा नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी त्याला नावं ठेवील.

एका सकाळी मामाबाई फोन घेऊन आली. चहा मागितला नाही. एमिलने व्हिडिओ पाठवला होता. तो घरासमोर उभा राहून हसत होता. मागे घर, करडं, गुळगुळीत. त्याने सगळ्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. राखणदारांनी नको म्हणून सांगितलं होतं, तरी ते नसताना दोन गडी लावून उरकला. आईला म्हणत होता, आता काळजी नको, आता कुणाला दरवर्षी सारवायला नको, घर पक्कं झालं.

मी तो व्हिडिओ एकदाच बघितला. आमच्या गावात हेच केलं होतं एकाने. माती श्वास घेते. सिमेंट घेत नाही. पाणी फटीतून आत जातं, मग बाहेर येत नाही. आत मातीचं पीठ होतं. वरून भिंत ठणठणीत दिसते आणि एका पावसात पोट फुटून खाली येते.

"फॉल," मी म्हटलं.

"फॉल," मामाबाई म्हणाली.

मग तिने माझ्यासमोरच एमिलला फोन लावला.

तिने एमिलला सांगितलं, सगळं सिमेंट फोड, पावसाच्या आधी. तो चिडला. तू अमेरिकेत खुर्चीवर बसून सांगतेस, म्हणाला. फोडलं तर सारवणार कोण? एवढं केलं त्याचं कौतुक नाही, वर शिव्या. आईने खूप शिव्या दिल्या होत्या, हे खरं. मी त्या ऐकल्या होत्या. भाषा कळत नसली तरी शिवी कळते.

मग तिने मुलीला सांगितलं की मला गावी जायचं आहे.

क्लेमांतीन मला म्हणाली, "आंटी, यू टेल हर. शी लिसन्स टू यू."

"ती माझं ऐकत नाही," मी प्रसादला म्हटलं. "तिला सांग. ती कुणाचंच ऐकत नाही, म्हणून तर आमचं जमतं."

प्रसादने काहीतरी गुळमुळीत सांगितलं. मी म्हटलं, तसं नाही, मी म्हटलं तसंच सांग, गोड करू नकोस.

आमच्या स्वयंपाकघरात टेबलाशी आम्ही चौघं होतो. मामाबाई खाली बघत होती आणि क्लेमांतीन उभी. ती नर्स. डायलिसिस बंद झालं तर काय होतं हे तिला पुस्तकातून नाही, रोजच्या कामातून माहीत. पाय सुजतात. मग श्वास लागतो. मग किती दिवस, तेही तिला माहीत. ती हे सगळं आधी इंग्रजीत बोलली, मग आईच्या भाषेत, मग पुन्हा इंग्रजीत माझ्याकडे वळून. "मी तिथे परक्या म्हाताऱ्यांना जगवते, आंटी. रोज. आणि माझ्या आईला एका भिंतीसाठी सोडून देऊ?"

मी मामाबाईला विचारलं, "वॉल फॉर यू डाय?"

ती मुलीशी बोलली. क्लेमांतीन सांगेना. प्रसाद म्हणाला, प्लीज, काय म्हणाल्या त्या? मग तिने सांगितलं. "मामा म्हणते, मी मरणार आहेच. मशीनने मरायचं थांबत नाही, फक्त लांबतं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या घरालाही कापड नेसवतात. घरासमोर ढोल वाजतात. घर पडलं तर कापड कुणाला नेसवाल? या घराला?" आणि तिने आमच्या भिंतीकडे हात केला, जिथे प्रसादने पेढ्यांच्या खोक्यातलं कॅलेंडर लावलं आहे.

मला काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं. तरी मी बोलले. म्हटलं, मामाबाई, तू गेलीस तर तू मरशील आणि घरही कदाचित पडेल. नाही गेलीस तर घर नक्की पडेल आणि तू इथे त्या खुर्चीत बसून ते फोनवर बघशील. दोन्ही वाईट आहे. यात चांगलं काही नाही, उगाच कुणी शोधू नका.

प्रसादने हे जसंच्या तसं सांगितलं. क्लेमांतीन रागाने निघून गेली. तिने पुष्कळ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिचा राग मला समजला.

त्यानंतरच्या डायलिसिसच्या दिवशी व्हॅन आली तेव्हा मामाबाई बाहेर आली नाही. ड्रायव्हर दार वाजवून गेला. पुढच्या वेळीही तेच. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. मी म्हटलं, हा पोरीवर जुलूम आहे. तिला शब्द कळले नसतील, पण सूर कळला. तिने तोंड फिरवलं. हट्टी होती. आता ती नाही म्हणून मी तिला चांगली ठरवणार नाही. मुलीचा जीव टांगणीला लावून तिने आपलं म्हणणं खरं केलं.

तोड निघाली ती अशी. त्यांच्या देशात एका शहरात डायलिसिसची मशीन आहे, खोऱ्यापासून लांब. मामाबाईने आधी इथे पुन्हा उपचार सुरू करायचे. मग क्लेमांतीन रजा काढून तिला नेणार. त्या शहरात डायलिसिस करून थोडे दिवस वर खोऱ्यात जायचं, काम बघायचं, लगेच खाली शहरात परत यायचं. मामाबाई सगळ्याला हो म्हणाली. डॉक्टरला हो, मुलीला हो, जावयाला फोनवर हो. व्हॅनमध्ये मुकाट्याने जाऊन बसायला लागली.

ते 'हो' मी ओळखलं. सासरी जाताना मीही सगळ्यांना असंच हो म्हटलं होतं. क्लेमांतीन आमच्याकडे मुलांच्या जेवणाचं सांगायला आली, तेव्हा मी तिला तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हटलं, तुझी आई एकदा वर गेली की खाली येणार नाही.

ती म्हणाली, "आय नो, आंटी."

मग तिने मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, हे मला पुन्हा एकदा सांगितलं.

निघायच्या दिवशी मामाबाई रडली नाही. मीही नाही. तिने माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, म्हणाली, "सॉफ्ट. नो वर्क." मी म्हटलं, तुझे कुठे कडक आहेत? गाडीत बसताना तिने सीटबेल्टवरून मुलीशी भांडण काढलं. भांडतच गेली.

ती खाली आली नाही. शहरातून गाडी आली होती, तिने ती परत पाठवली. समोरच्या बाजूचं सगळं सिमेंट फोडून झालं आणि ती बाजू सारवून झाली, तोवर ती होती. मागच्या बाजूला हात लागायचा राहिला. गच्चीवर, कणग्यांच्या मधे, ती गेली. घराला कापड नेसवलं. ढोल वाजले. क्लेमांतीन मला हे सांगताना नर्ससारखी सांगत होती, आधी पाय, मग श्वास, मग किती वाजता. मधेच थांबून म्हणाली, मी तिला कसलंच औषध दिलं नाही आंटी, माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

मग तिकडे पाऊस लागला. मागची बाजू बसली, एक कणगी घेऊन. समोरची उभी आहे. एमिल म्हणतो, पाऊस सरला की मागचं पुन्हा मातीत बांधतो. बांधेल की नाही, मला माहीत नाही. मी त्याला ओळखत नाही. त्याच्या बायकोला सवड मिळेल का, तेही मला माहीत नाही.

क्लेमांतीनने मला विचारलं, माझं बरोबर झालं का? मी म्हटलं, माहीत नाही. खोटं बोलून काय करू?

पण तिच्याकडे एक व्हिडिओ आहे. आमच्या टेबलाशी बसून तिने तो दाखवला. समोरची भिंत अर्धी ओली, अर्धी लाल कोरडी. खाली फोडलेल्या सिमेंटचा ढीग, त्यावर एमिल घण घेऊन बसलेला, घामाने निथळत. चार-पाच बायका भिंतीला लागलेल्या. मामाबाई जमिनीवर बसली आहे. पाय पुढे पसरलेले, सुजून खांबासारखे झालेले. उभं राहता येत नाही, म्हणून ती भिंतीचा खालचाच भाग सारवते आहे, हात पोचेल तेवढा. बोटांनी रेघा ओढते आहे. श्वास लागलेला ऐकू येतो. क्लेमांतीन फोन धरून तिला हाक मारते, मामा, इकडे बघ. ती बघत नाही. पुन्हा हाक मारते. मग ती मान वळवते, चिडलेली, आणि दोन-तीन शब्द बोलते. चित्र हलतं, आभाळ दिसतं, जमीन दिसते, आणि संपतं.

मी विचारलं, काय म्हणाली?

"फोन ठेव," क्लेमांतीन म्हणाली, "आणि पाणी आण. माती वाळते आहे."